वर रूळ, खाली तारा

छोट्या रेल्वेचा लेआउट उभारायला घेतला की सुरुवातीचे दिवस रुळांच्या आखणीत जातात. कागदावर वळणे उतरतात, स्थानकापाशी मार्गिका फुटतात, एखादी वाट डोंगराला वळसा घालून मूळ मार्गाला येऊन मिळते, आणि हे सगळे इतके परिपूर्ण वाटते की वीज ही मागाहून कधीतरी देऊन टाकायची बाब ठरते. तार हातात घेतल्यावर मात्र चित्र पालटते. रूळ ही गाडीची वाट आहे, हे सर्वांनाच दिसते. पण तो त्याच वेळी एक उघडी तारही असतो, आणि वाट म्हणून जे त्याला शोभते ते तार म्हणून त्याला चालतेच असे नाही. नवख्याचे वायरिंग म्हणजे रुळाच्या या दोन भूमिकांत पडणारी भांडणे एकेक करून मिटवणे, असे मला आता वाटते. तारांची जाडी, रंग, जोडणीची साधने हे सारे त्या ओघात येते.

मुळात कल्पना अतिशय साधी आहे. एच-ओ प्रमाणात, म्हणजे मूळ रेल्वेच्या १:८७ इतक्या आकारात, दोन रुळांमध्ये १६.५ मिलिमीटर अंतर असते. एका रुळाला धन टोक, दुसऱ्याला ऋण टोक जोडायचे. इंजिनाची चाके दोन्हींकडून वीज उचलतात आणि मोटर फिरते. दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा आस धातूचा असला, तरी निदान एका बाजूचे चाक त्यापासून विद्युतरोधकाने वेगळे केलेले असते, नाहीतर गाडी रुळावर ठेवताक्षणीच शॉर्ट झाला असता, म्हणजे दोन्ही टोके थेट एकमेकांना भिडली असती. १२ व्होल्टच्या या पद्धतीत दाब वाढवला की वेग वाढतो आणि टोकांची अदलाबदल केली की गाडी उलटी धावते. यात एक गंमत आहे, आणि ती प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय पटत नाही: चालते इंजिन उचलून तोंड फिरवून पुन्हा ठेवले, तरी ते खोलीतल्या त्याच भिंतीकडे जात राहते. कारण संकेत असा आहे की पुढे जाणाऱ्या इंजिनाच्या उजव्या हाताचा रूळ धन असावा. तोंड फिरवले की उजवा रूळ बदलतो, इंजिन ‘मागे’ जाऊ लागते, आणि त्याचे मागे म्हणजे आपले पूर्वीचेच पुढे. दिशा इंजिनात नसते, रुळांत असते. हे वाक्य डोक्यात पक्के बसवले तर पुढची निम्मी कोडी आपोआप सुटतात.

सगळ्यांनीच हा मार्ग धरला असे नाही. जर्मनीतल्या मार्क्लिनने १९३५ मध्ये या आकाराची गाडी बाजारात आणली ती तीन वाहकांची. मधला वाहक एक टोक, आणि बाहेरचे दोन्ही रूळ मिळून दुसरे टोक. डावा-उजवा हा भेदच नसल्यामुळे रुळांचे कसलेही वेटोळे घातले तरी वीज कुरकुरत नाही. दिसायला मात्र ती मधली रेघ खऱ्या रेल्वेत नसते, आणि पुढे त्या रेघेची जागा रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांमधून, म्हणजे स्लीपरमधून, डोकावणाऱ्या बारीक टिकल्यांनी घेतली. दोन रुळांची पद्धत दिसण्यात खरी आहे, आणि त्या खरेपणाची किंमत वायरिंगमध्ये चुकती करावी लागते. ती रास्त आहे, असे माझे मत आहे. पण किंमत आहे हे आधी ठाऊक असलेले बरे.

पहिले भांडण लांबीवरून होते. वाट म्हणून रूळ अखंड दिसतो. तार म्हणून तो तितकासा कामाचा नसतो. बहुतेक रूळ निकेल सिल्व्हरचे, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे असतात. गंज धरत नाही म्हणून तो निवडलेला असतो, पण विजेला त्याचा विरोध तांब्याच्या दहापटीहून अधिक असतो. त्याहून वाईट असतात ते सांधे. दोन तुकडे जोडणारी पत्र्याची बारीक जोडपट्टी नवी असताना घट्ट बसते; वर्षभरात तिच्यात धूळ, रंग, खडी चिकटवण्याचा गोंद शिरतो आणि तिच्यातून वीज जाणे हा नशिबाचा भाग होतो. गाडी कंट्रोलरच्या, म्हणजे रुळांना कमीजास्त वीज देणाऱ्या पेटीच्या, जवळ ऐटीत धावते आणि पलीकडच्या टोकाला रेंगाळते, तेव्हा नवखा माणूस इंजिनाला दोष देतो. इंजिन बहुधा निर्दोष असते.

उपाय असा की रुळाला विजेच्या लांबच्या प्रवासातून मुक्त करायचे. लेआउटच्या पोटाखालून दोन जाड तांब्याच्या तारा सर्वत्र फिरवायच्या. त्यांना बस वायर म्हणतात. ठरावीक अंतरावर त्यांच्यापासून बारीक तारा वर नेऊन रुळांना जोडायच्या. त्यांना फीडर म्हणतात. हिशेब करून पाहण्याजोगा आहे. तांब्याच्या २ चौरस मिलिमीटर तारेचा विरोध मीटरला सुमारे ०.००८६ ओहम पडतो. कंट्रोलरपासून सर्वांत दूरचे टोक १० मीटर असेल, तर जाण्यायेण्याची २० मीटर तार होते, आणि ३ अँपिअर प्रवाहाला वाटेत अर्धा व्होल्ट गळतो. तीच तार ०.३३ चौरस मिलिमीटरची घेतली तर सुमारे ३ व्होल्ट गळतात, म्हणजे १२ पैकी पाव हिस्सा. मात्र हीच बारीक तार २० सेंटिमीटरच्या फीडरला वापरली तर होणारा तोटा मोजण्याच्याही लायकीचा नसतो. म्हणून बारीक तार वाईट नव्हे, लांब बारीक तार वाईट. फीडर किती लावावेत याचे उत्तर अनुभवी लोक एका वाक्यात देतात: रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा फीडर असावा, किंवा तो ज्याला फीडर आहे अशा तुकड्याला सोल्डर केलेला असावा. सुरुवातीला हा अतिरेक वाटतो, पण खडी पसरून झाल्यावर फीडर जोडण्याची कल्पना केली की वाटेनासा होतो.

फीडर जोडणे हे या कामातले सर्वांत नाजूक आणि, हात बसल्यावर, सर्वांत आनंदाचे काम आहे. रुळाच्या बाहेरच्या बाजूला, माथा आणि तळपट्टी यांच्यामधल्या अरुंद खोबणीत डाख द्यायचा. आतल्या बाजूला दिला तर चाकाची कड त्यावर आपटते. आधी ती जागा बारीक कानशीने चकचकीत करायची, त्यावर राळेचा फ्लक्स, म्हणजे सोल्डर धातूला नीट धरावे म्हणून लावायचा लेप, लावायचा. आम्लयुक्त फ्लक्स नळकामाला ठीक. इथे तो तारेला आतून खात बसतो. तारेचे टोक काही मिलिमीटर सोलून काटकोनात वाकवायचे, त्याला आधीच सोल्डरचा पातळ थर द्यायचा, आणि तसाच थर रुळाच्या त्या जागेवरही द्यायचा. मग दोन्ही एकत्र टेकवून सोल्डरिंग आयर्नचे टोक रुळावर धरायचे. कथील आणि शिसे ६०:४० प्रमाणात असलेले सोल्डर १९० अंश सेल्सिअसच्या आसपास पूर्ण वितळते. ते क्षणभर दाणेदार दिसते आणि मग एकदम पाऱ्यासारखे चमकून तारेच्या दोन्ही अंगांनी खोबणीत ओढले जाते. ती चमक पसरली की हात काढायचा आणि फुंकर न मारता ते गोठू द्यायचे. इथे नवख्याची सहजबुद्धी नेमकी उलटी चालते. प्लास्टिकचे स्लीपर वितळू नयेत म्हणून तो लहान, कमी वॅटचे आयर्न घेतो. ते रूळ तापवायला इतका वेळ लावते की तोवर उष्णता दोन्हीकडे सरकत जाऊन चारसहा स्लीपर मऊ पडतात. जाड टोकाचे, भरपूर ताकदीचे आयर्न दोन-तीन सेकंदांत काम उरकते आणि प्लास्टिकला पत्ताही लागत नाही. शेजारी दोन्ही बाजूंना धातूचे चिमटे लावले तर उरलीसुरली उष्णता ते शोषून घेतात.

तारांच्या रंगाबद्दल फार बोलण्यासारखे नाही. एक रंग एका रुळाचा, दुसरा दुसऱ्याचा, आणि शेवटपर्यंत त्यात बदल नाही. लाल तार संपली म्हणून दोन हात पिवळी वापरणे हा ज्याने त्याने स्वतःसाठी पेरलेला सुरुंग असतो. घरातल्या विजेच्या बाजूला हात घालायचा नाही, तयार आणि प्रमाणित ट्रान्सफॉर्मरच वापरायचा, याबद्दल तर चर्चाच नको.

खरी मौज पॉइंटपाशी, म्हणजे जिथे एका मार्गाचे दोन होतात तिथे आहे. सरळ मार्ग आणि डावीकडे फुटणारा मार्ग यांचा विचार करू. सरळ मार्गाचा डावा रूळ आणि फुटणाऱ्या मार्गाचा उजवा रूळ एकमेकांना ओलांडतातच; भूमितीला दुसरा पर्यायच नाही. त्या ओलांडणीच्या त्रिकोणी तुकड्याला फ्रॉग म्हणतात. आता डावा रूळ धन आणि उजवा ऋण असेल, तर हा एकच धातूचा तुकडा गाडी सरळ जाताना धन असायला हवा आणि डावीकडे वळताना ऋण. वाट म्हणून तो दोन्ही मार्गांचा आहे. तार म्हणून एका वेळी एकाचाच होऊ शकतो.

या पेचातून सुटायचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे फ्रॉग प्लास्टिकचा करणे, त्याला वीजच न देणे. जोडायला हे सर्वांत सोपे, आणि लांब इंजिने तेवढा मृत टप्पा सहज ओलांडतात, कारण त्यांची बाकीची चाके वीज उचलत असतात. पण यार्डात हळूहळू सरकणारे चार चाकांचे छोटे शंटिंग इंजिन नेमके तिथेच अडते, आणि त्याला बोटाने ढकलावे लागले की स्थानकाचा सगळा आभास एका क्षणात ओसरतो. दुसरा मार्ग म्हणजे फ्रॉग धातूचाच ठेवायचा, पॉइंट बदलेल तसा त्याचा ध्रुव, म्हणजे धन की ऋण हे, बदलायचा. यासाठी फ्रॉगच्या पलीकडे जाणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकच्या जोडपट्ट्या लावून ते विजेपासून तोडायचे, फ्रॉगला स्वतंत्र तार द्यायची, आणि ती तार अशा स्विचला जोडायची की जो पॉइंटबरोबरच हलेल. पॉइंट हलवणाऱ्या कित्येक मोटरींत हा स्विच अंगचाच असतो. नवख्यांना बहुधा प्लास्टिकच्या फ्रॉगची शिफारस केली जाते. मला ती फारशी पटत नाही. धातूच्या फ्रॉगला एक तार आणि दोन जोडपट्ट्या जास्त लागतात, इतकेच. आणि रूळ बसवण्यापूर्वी ते काम टेबलावर, उजेडात, बसून करता येते.

मोटरींचे दोन प्रकार लक्षात ठेवावेत. दोन कॉइलची मोटर क्षणभराच्या झटक्यावर चालते. बटण अडकून प्रवाह चालू राहिला तर कॉइल जळते, म्हणून तिच्यासाठी कपॅसिटरमध्ये वीज साठवून एकाच झटक्यात सोडणारा छोटा सर्किट वापरणे शहाणपणाचे. दुसरी हळू फिरणारी मोटर टोकाला पोचल्यावर तशीच दाब धरून उभी राहते, आणि तेव्हाही काही मिलिअँपिअरच खाते.

आखणी करताना ज्याचा सर्वांत मोह पडतो तो आकार म्हणजे वळसा घालून त्याच पॉइंटमधून परत येणारी वाट. गाडी न उचलता तोंड फिरवून परत येते; डोळ्यांना याहून देखणे काही नाही. विजेच्या दृष्टीने मात्र डावा रूळ वळसा घेऊन येतो आणि स्वतःच्या उजव्याला जाऊन भिडतो. हा शॉर्ट कुठल्याही एका ठिकाणी चुकीची तार जोडल्यामुळे झालेला नसतो. तो आकारातच असतो. म्हणून वळशाचा एक भाग दोन्ही टोकांना, दोन्ही रूळ कापून, पूर्णपणे वेगळा काढायचा आणि त्याला स्वतःचा ध्रुव-बदल स्विच द्यायचा. गाडी त्या भागात असताना मागे राहिलेल्या मुख्य मार्गाचा ध्रुव बदलायचा, पॉइंट फिरवायचा, आणि ती बाहेर येते तेव्हा दोन्हीकडचे जुळलेले असते. हा वेगळा भाग लेआउटवरच्या सर्वांत लांब गाडीहून लांब असला पाहिजे, नाहीतर गाडीचे तोंड बाहेर आणि शेपूट अजून आत येत असताना धातूची चाके दोन्ही कापांवर एकाच वेळी पूल बांधतात.

वळसा उघड दिसतो, पण त्याचे काही भाऊबंद वेष पालटून येतात. तीन पॉइंटांचा त्रिकोण, इंजिन फिरवणारा टर्नटेबल, आणि सर्वांत फसवा म्हणजे लंबगोलाच्या पोटातून तिरपा जाऊन पलीकडे मिळणारा जोडमार्ग. ते ओळखण्याची एक पक्की रीत आहे. आखणीत प्रत्येक मार्गाच्या दोन्ही रेघा वेगळ्या काढायच्या, एका बिंदूपासून निळ्या आणि लाल पेन्सिलीने त्या गिरवत निघायचे, आणि प्रत्येक फाट्यावर दोन्ही रंग पुढे न्यायचे. जिथे निळी रेघ लालला भेटते तिथे, त्या वाटेवर कुठेतरी, काप हवाच. अर्ध्या तासाचे हे काम रूळ चिकटवण्यापूर्वी करावे.

एका गाडीपुरते हे सारे ठीक. दुसरे इंजिन रुळावर आले की जुनी पद्धत अवघड होते, कारण एकाच जोडीला बांधलेली दोन्ही इंजिने एकदम धावतात. मग मार्गाचे खंड पाडायचे, प्रत्येक खंडाला स्विच, आणि चालकाने पुढचा खंड आपल्या कंट्रोलरकडे घेत घेत गाडी न्यायची. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने, जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या कामाच्या आधारावर, डी-सी-सी हे डिजिटल प्रमाण आणले आणि हा व्यायाम संपवला. आता रुळांवर दाब सतत पूर्ण असतो आणि त्याचा ध्रुव सेकंदाला हजारो वेळा उलटतो. त्या उलटण्यातल्या वेळांत संदेश असतो: अर्धे आवर्तन ५८ मायक्रोसेकंदांचे असेल तर तो एक, १०० किंवा अधिक असेल तर शून्य. प्रत्येक इंजिनातला डिकोडर आपल्या क्रमांकाचा संदेश तेवढा ऐकतो, आणि दिशा आता रुळांत न राहता इंजिनात येते.

यावरून ‘डी-सी-सीला दोनच तारा पुरतात’ असे उत्साहाने सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. फ्रॉगचा पेच तसाच राहतो, वळशाचा शॉर्ट तसाच राहतो. फरक इतकाच की शॉर्ट ओळखून ध्रुव आपणहून बदलणारे यंत्र तिथे लावता येते. आणि जाड तारांची गरज तर वाढते. समजा, १५ व्होल्ट आणि ५ अँपिअरचा बूस्टर, म्हणजे डी-सी-सीत रुळांना वीज पुरवणारे यंत्र, आहे. शॉर्ट झाल्यावर त्याने स्वतःला बंद करावे यासाठी प्रवाह ५ अँपिअरच्या वर जायला हवा, म्हणजे वाटेतला एकूण विरोध ३ ओहमहून कमी हवा. बारीक तारा आणि सैल सांधे मिळून तो त्याहून जास्त भरला, तर बूस्टरच्या लेखी शॉर्ट झालेलाच नसतो. तो इमानाने जवळजवळ ५ अँपिअर देत राहतो, आणि ७० वॅटच्या आसपास उष्णता, म्हणजे सोल्डरिंगची दोन आयर्न तापवता येतील इतकी, तारा, सांधे आणि घसरलेल्या डब्याची चाके यांच्यात वाटली जाते. म्हणून वायरिंग होत असतानाच दर थोड्या अंतरावर दोन रुळांवर आडवे नाणे ठेवून पाहतात. बूस्टर तत्काळ बंद पडला तर ठीक. न पडला तर तिथे फीडर कमी आहे किंवा एखादा सांधा दगा देतो आहे. मल्टिमीटरची पीप वाजली म्हणजे जोडणी आहे इतकेच कळते. ती ओझे पेलेल का, हे नाणे सांगते.

अमेरिकेतल्या एम-आय-टीमध्ये १९४६ साली स्थापन झालेल्या टेक मॉडेल रेलरोड क्लबात एक गट रूळ आणि देखावे पाही, तर दुसरा, सिग्नल्स अँड पॉवर नावाचा, टेबलाखालचा पसारा सांभाळी. टेलिफोन एक्स्चेंजमधली रिले, म्हणजे विजेने उघडझाप होणारे स्विच, जोडून त्यांनी जी यंत्रणा उभी केली, तिच्यातली तर्कशुद्धता पाहता त्यातलेच काही जण पुढे तिथल्या सुरुवातीच्या संगणकांकडे वळले यात नवल नाही. वरचा देखावा न पाहताही खालच्या यंत्रणेत एखादा रमून जाऊ शकतो, हे मला पूर्वी समजत नसे, आता समजते.

कारण खालचे काम दुरुस्तीच्या नजरेने केले तर त्याला स्वतःची शिस्त येते. बस वायर सलग न नेता मध्ये मध्ये स्क्रूच्या टर्मिनल पट्ट्यांवर उतरवावी. शॉर्ट सापडत नसेल तेव्हा मधल्या पट्टीवर तार सोडायची. दोष अजून असेल तर तो अलीकडे, नसेल तर पलीकडे. मग उरलेल्या भागाचा पुन्हा मध्य. ३२ भागांचा लेआउट असला तरी पाच वेळा तार सोडल्यावर दोषी भाग हाती लागतो. पट्ट्या नसतील तर पाठीवर झोपून प्रत्येक फीडर संशयाने पाहत जावे लागते. प्रत्येक तारेवर चिठ्ठी, आणि वहीत तिची नोंद, हेही त्याचसाठी.

इतके करूनही काही दोष ऋतूबरोबर येतात. पावसाळ्यात बांधलेला लाकडी पाया कोरड्या हवेत किंचित आक्रसतो. निकेल सिल्व्हरचे रूळ मात्र आहे तेवढेच राहतात, आणि कुठेतरी जागा काढायची म्हणून ते आपण मुद्दाम ठेवलेल्या कापांत सरकतात. काल विजेला अडवणारी अर्ध्या मिलिमीटरची फट आज बंद झालेली असते, आणि कोणीही हात न लावलेला वळसा सकाळी शॉर्ट दाखवतो. काप दिल्या दिवशीच त्यात प्लास्टिकच्या पत्र्याचा तुकडा गोंदाने बसवून, वाळल्यावर रुळाच्या आकारात कानशीने घासून घ्यावा, म्हणजे रूळ कितीही सरकू पाहिले तरी त्यांची टोके एकमेकांना भिडत नाहीत.